मनीला पोत्यात घालण्याआधी

"डॉक्टर, मला तिसरा महिना सुरू आहे. गेल्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात गर्भपात झाला होता. या खेपेला टॉर्च टेस्ट (गरोदरपणातल्या काही संसर्गांची रक्ततपासणी) केली, त्यात टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं. नणंदेनं मोबाईलवर वाचलं की हा मांजरापासून होणारा रोग आहे. घरात सहा वर्षांची मनी आहे, मी माहेरून आणलेली. सासूबाई म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला म्हणूनच मागचं राहिलं नाही. रविवारी मनीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचं ठरलंय. जिन्याखाली एका भटक्या कुत्रीनं पाच पिल्लं घातलीत आणि माझा चार वर्षांचा मुलगा दिवसभर त्यांच्यातच असतो. त्याच्या पायावर नागीण उठलीय. गेरू लावतोय, पण ती पुढेपुढेच सरकतेय. मळ्यात वाघ्या कुत्रा आहे. आता सगळीच जनावरं हलवायची का? आणि मनी राहिलीच, तर बाळ आल्यावर तिला आमच्याजवळ झोपू दिलं तर चालेल का?"
— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, रविवारच्या आत उत्तर पोचावं म्हणून तुमचं पत्र रांगेतून पुढे घेतलंय. मी जनावरांची डॉक्टर, म्हणून आधी मनीचं सांगते. तिला पोत्यात घालू नका. तुमचा रिपोर्ट घरात उलटा वाचला गेलाय.

आयजीजी ही जुन्या ओळखीची खूण असते. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मागे कधीतरी तुमच्या शरीरात शिरला, शरीरानं त्याच्याविरुद्ध बंदोबस्त केला आणि आता तो दबून बसलाय, एवढंच ती सांगते. ताज्या संसर्गात आयजीएम वर येतं, ते तुमचं निगेटिव्ह आहे. दोन्ही एकत्र वाचलं, आणि तेही तिसऱ्या महिन्यातलं, तर त्याचा अर्थ असा की संसर्ग झाला तो या गरोदरपणाच्या आधी. बाळाला खरा धोका असतो तो बाईला पोटुशी असतानाच पहिल्यांदा हा संसर्ग झाला तर. तुमची ती पहिली वेळ मागेच होऊन गेलीय. खरं तर जिचं आयजीजी निगेटिव्ह येतं, तिला मी नऊ महिने जास्त जपायला सांगते, कारण तिच्या अंगात बंदोबस्तच नसतो. हा रिपोर्ट तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवून "हा संसर्ग जुना आहे ना?" एवढं स्पष्ट विचारा, आणि उत्तर ऐकायला सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त टिकेल.

आणखी कुणी वाचक हे वाचत असेल आणि तिचं आयजीएम पॉझिटिव्ह असेल, तर तिनंही लगेच घाबरू नये. आयजीएम कधीकधी कित्येक महिने रेंगाळतं. संसर्ग नवा की जुना हे ठरवायला ॲव्हिडिटी नावाची पुढची तपासणी असते, आणि खरोखर नवा निघाला तर गरोदरपणात देता येणारी औषधंही आहेत.

मागच्या गर्भपाताबद्दल. तुम्ही पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण उरलेलं सगळं पत्र त्या ओळीभोवतीच फिरतंय हे मला दिसतं. एका आयजीजीच्या आधारावर त्याचं खापर मनीवर फोडता येत नाही, आणि तिला माहेरून आणली म्हणून तुमच्यावर तर नाहीच नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात. त्यात आईनं काय खाल्लं, काय उचललं, कोणतं जनावर कुशीत घेतलं याचा काही संबंध नसतो.

आता हा जंतू मांजरात कसा राहतो ते ऐका, म्हणजे कुठे जपायचं ते नीट कळेल. १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला. पण तो पसरतो कसा, हे कोडं पुढे साठ वर्षं सुटलं नव्हतं. १९७० च्या सुमाराला मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात हे सिद्ध झालं, आणि ते सिद्ध करणाऱ्यांमध्ये जे. पी. दुबे हे भारतात जन्मलेले पशुवैद्यक होते. आमच्या पेशातला माणूस म्हणून मला त्यांचं नाव घ्यायला आवडतं. मांजर संसर्ग झालेला उंदीर किंवा पाखरू खातं, किंवा कच्चं मांस खातं, तेव्हा त्याला लागण होते. मग एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून ही अंडी पडतात आणि बहुतेक मांजरांच्या बाबतीत ते आयुष्यात एकदाच घडतं. उंदरांवर वाढलेली मनी सहा वर्षांची आहे. तिची ती पाळी बहुधा ती पिल्लू होती तेव्हाच येऊन गेली असेल.

आणि ताजी विष्ठा लागणीची नसते. ही अंडी बाहेरच्या हवेत पिकावी लागतात, त्याला एक ते पाच दिवस जातात. म्हणून मनीची वाळूची पाटी रोजच्या रोज साफ झाली की धोका तिथेच तुटतो. ते काम यापुढे नवऱ्यानं करायचं. कुणीच नसेल तर तुम्ही हातमोजे घालून करा, पण रोज. पाटी उन्हात वाळवा, अधूनमधून उकळतं पाणी ओता. फिनाईलनं फरशीला वास येतो, पण ही अंडी फिनाईलला दाद देत नाहीत. ती मरतात उकळत्या पाण्यानं.

मग तुम्हाला तो जुना संसर्ग आला कुठून? बहुतेक माणसांना तो मांजर कुरवाळून येत नाही. मांजर स्वतःला सारखं चाटून स्वच्छ ठेवतं, तिच्या अंगावर पिकलेली अंडी सहसा राहत नाहीत. तो येतो मातीतून आणि ताटातून. कुंडीतली माती उकरून तसाच हात तोंडाला गेला, कोथिंबीर वरवर धुऊन चटणीत घातली, गाजर-मुळा शेतातच पुसून खाल्ला, खिमा शिजायच्या आधी मीठ बघायला जिभेवर ठेवला, निखाऱ्यावर भाजलेली कलेजी आतून लालच होती. ओल्या मातीत ही अंडी वर्षभर सुद्धा टिकतात. म्हणून मटण पूर्ण शिजवा, मटणाचा सुरी-पाट कोशिंबिरीला वापरू नका, भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवा. तुमच्या बाबतीत टॉक्सोप्लाझ्माचा प्रश्न मिटल्यासारखाच आहे, पण इतर चार रोगांसाठी हे सगळं लागतंच.

सासूबाईंचा केस. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, क्षय होतो, गर्भ राहत नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. केस पोटात गेला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. पण सासूबाईंशी यावरून भांडू नका. जनावरांपासून माणसाला काहीतरी लागतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त त्यांनी बोट मनीकडे दाखवलंय, आणि तुमच्या घरातला खरा धोका आत्ता दोन दुसऱ्या जागी आहे: जिन्याखाली आणि मळ्यात.

मुलाच्या पायापासून सुरू करते. ती नागीण नाही. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात, पाण्याच्या फोडांच्या झुपक्यांनी उठते आणि तिची आग होते. ती सरकत जात नाही. (तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हेही खरं नाही, पण तो वेगळा विषय.) तुमच्या मुलाचं काय झालंय ते घरीच पडताळता येईल. आज रात्री तो झोपल्यावर टॉर्च घेऊन नीट बघा. दोऱ्याएवढी बारीक, जराशी उंचावलेली, लालसर, नागमोडी रेघ दिसेल. तिच्या पुढच्या टोकाला बॉलपेनानं एक ठिपका द्या. सकाळी रेघ ठिपक्याच्या पुढे गेलेली दिसली, काही मिलीमीटर ते सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, तर ती कुत्र्या-मांजरांच्या आकडेकृमीची अळी आहे. ती रात्री जास्त खाजवते.

हे आकडेकृमी कुत्र्याच्या आतड्याला आकड्यांनी चिकटून रक्त पितात. त्यांची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, सावलीतल्या ओलसर वाळूत दिवसा-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या कातडीतून शिरायला तयार होतात. त्यांना शोधायचं असतं कुत्र्याचं कातडं. माणसाचा पाय मिळाला तर वरच्या थरात शिरतात, पण खालचा थर भेदायचं साधन त्यांच्याकडे नसतं. मग वाट चुकल्यासारख्या तिथेच फिरत राहतात, आणि ती फिरण्याची वाट म्हणजे तुम्हाला दिसणारी रेघ. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेल्यांच्या पायावर ती दिसते. तुमच्याकडे समुद्र नाही, म्हणून मी विचारते: घराजवळ बांधकामाच्या वाळूचा ढीग आहे का? बहुधा असेलच. रात्री मांजरं आणि कुत्री त्याच ढिगावर येतात, आणि दिवसा मुलं तिथे किल्ले करतात. आज संध्याकाळीच त्यावर ताडपत्री टाका, कडेनं विटा ठेवा. मुलाला घराबाहेर चप्पल घातल्याशिवाय सोडू नका.

ही अळी काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत आपोआप मरते. पण मुलाला इतके दिवस खाजवत ठेवण्यात अर्थ नाही. खाजवून जखम चिघळते. त्वचारोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ ॲल्बेंडाझोल नाहीतर आयव्हरमेक्टिन देतील, मुलाचं वजन बघून. अंगणवाडीत १० फेब्रुवारीला किंवा १० ऑगस्टला गोळी दिली होती, असं म्हणून हे टाळू नका. ती गोळी माणसांच्या पोटातल्या जंतांसाठी असते. आणि टोकाला सुई खुपसून किंवा उदबत्तीनं डागून अळी काढायला जाऊ नका. अळी रेघेच्या थोडी पुढे असते, सुई रिकाम्या जागी लागते आणि व्रण तेवढा राहतो.

आता जिन्याखालची पाच पिल्लं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणात मला खरी काळजी आहे ती याचीच.

जवळजवळ प्रत्येक गावठी पिल्लू पोटात गोल जंत घेऊनच जन्माला येतं. आईनं कितीही स्वच्छ जागा शोधली तरी. या जंताचं नाव टॉक्सोकारा. त्याच्या अळ्या कुत्रीच्या मांसात वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांमध्ये उतरतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या शेणातून अंडी पडायला लागतात. पुरा वाढलेला एकेक मादी जंत दिवसाला लाखाच्या आसपास अंडी घालतो. एखादं पिल्लू अंगानं रोडकं आणि पोटानं नगाऱ्यासारखं दिसतं ना, ते दुधानं भरलेलं नसतं. औषध दिल्यावर त्याच्या शेणात शिजलेल्या शेवयांसारखा गोळा पडलेला मी शेकडो वेळा बघितलाय.

ही अंडीही ताजी असताना लागत नाहीत. त्यांना पिकायला मातीत दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पिल्लाला आज मांडीवर घेतलं म्हणजे लगेच लागण झाली असं नाही. धोका असतो तो पंधरा-वीस दिवसांपूर्वीच्या, आता दिसेनाशा झालेल्या घाणीत. पावसानं विष्ठा वाहून जाते, अंडी मातीत राहतात, पुढे काही वर्षं. चार वर्षांचं मूल त्या मातीत हात घालतं आणि मग अंगठा चोखतं.

पोटात गेलेली अंडी फुटतात, पण माणसात त्यांचे मोठे जंत होत नाहीत. अळ्याच यकृतात, फुप्फुसात फिरत राहतात. म्हणून मुलाची शौच तपासली तर काहीच सापडत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. बहुतेक मुलांना त्रासही होत नाही. काहींना ताप, खोकला, छातीत घरघर होते, पोटात दुखतं आणि रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप वाढलेले दिसतात. अशा मुलाला दम्याचं औषध सुरू व्हायच्या आधी "घरात पिल्लं आहेत" हे डॉक्टरांना सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

क्वचित एखादी अळी डोळ्यात पोचते, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांपैकी बरेचसे डोळ्याचा कॅन्सर समजून काढून टाकलेले होते. २४ डोळ्यांत त्यांना कॅन्सर नव्हे, तर कृमींच्या अळ्या किंवा त्यांच्या खुणा सापडल्या. पुढे ती टॉक्सोकाराची करणी निघाली. कॉलेजात हे वाचताना मला ती दूरदेशची गोष्ट वाटली होती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका वाड्यावर मी पिल्लांच्या गोचिडांसाठी गेले होते. जंतांचं औषध संपलं होतं, "पुढच्या आठवड्यात देते" म्हणाले आणि ते राहून गेलं. दोनेक वर्षांनी त्याच घरातल्या मुलीचा एक डोळा तिरका दिसतोय म्हणून शाळेच्या तपासणीत सांगितलं गेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अळीचा व्रण होता, त्या डोळ्याची नजर परत आली नाही. तिला ती अळी त्याच पिल्लांमुळे मिळाली की आणखी कुठे, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हापासून पिल्लू दिसलं की मी आधी जंतांचं औषध काढते, मग बाकीचं बोलते.

म्हणून ताई, पिल्लं हाकलू नका. हाकललीत तर शेजारच्या जिन्याखाली जातील आणि तिथल्या मुलांना तेच होईल. त्यांना औषध द्या. पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवडे होईपर्यंत. मग महिन्यातून एकदा, सहा महिने पुरे होईपर्यंत. त्यानंतर दर तीन महिन्यांनी. पहिल्या खेपेला आईलाही द्या. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोलचं पातळ औषध मिळतं, फार महाग नसतं. प्रमाण वजनावर असतं, म्हणून पिल्लं पिशवीत घालून किराण्याच्या काट्यावर तोलून आणा आणि वजनं लिहून गुरांच्या दवाखान्यात जा. घरातली मुलांची गोळी अंदाजानं मोडून घालू नका. जिन्याखालची जागा रोज खुरप्यानं साफ करून विष्ठा खोल पुरा. पिल्लं दूध सोडतील तेव्हा कुत्रीच्या नसबंदीचं बघा, नाहीतर सहा-आठ महिन्यांनी हेच पत्र तुम्हाला पुन्हा लिहावं लागेल. हे पळापळीचं काम नवऱ्याला द्या, तुम्ही फक्त वही सांभाळा.

मुलाला पिल्लांशी खेळू द्या. खेळून झालं की साबणानं हात, नखं कापलेली, आणि तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर तो जंतांचा विषय राहत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. "एवढंसं तर पिल्लू आहे" असं कुणी म्हटलं तरी.

वाघ्याचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. मी मात्र तुम्हाला विचारते: गावच्या जत्रेत बोकड पडतो तेव्हा त्याचं फोपसं आणि खराब काळीज कुठे जातं?

माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आहे. कापणारा माणूस फोपसं उचलतो, त्यावर लिंबाएवढे, कधी संत्र्याएवढे पांढुरके फोड असतात, आत स्वच्छ पाणी. "हे नासकं आहे" म्हणून तो ते बाजूला फेकतो. आणि बाजूला कुत्री बसलेलीच असतात. त्या फोडात हायडॅटिड नावाच्या रोगाच्या पट्टकृमीची (पट्टीसारख्या चपट्या जंताची) शेकडो-हजारो बीजं असतात. कुत्र्यानं तो फोड खाल्ला की दीड-दोन महिन्यांत त्याच्या आतड्यात अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासचे जंत तयार होतात. कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, केसांना चिकटतात, गवतावर जातात. गवत मेंढरू खातं आणि चक्र पूर्ण होतं. मध्ये माणूस सापडला, तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच पाण्याचा फोड वाढत राहतो, वर्षानुवर्षं, न दुखता. लहानपणी लागलेला फोड पस्तिशीत सोनोग्राफीत सापडतो. तो फुटला तर अंगावर जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून सर्जनही त्याला फार जपून हात लावतात.

मनी आणि पिल्लांच्या बाबतीत वेळ तुमच्या बाजूला आहे: रोज साफ केलं की अंडी पिकायच्या आत गेली. हायडॅटिडमध्ये ती सवलत नाही. ही अंडी कुत्र्याच्या पोटातून पडतात तेव्हाच लागणीची असतात. आणि सासूबाईंच्या केसाच्या म्हणण्यात जर कुठे थोडं तथ्य असेल, तर ते इथे, कारण ही अंडी कुत्र्याच्या केसावर बसून हातापर्यंत येऊ शकतात. म्हणून हे तोडायचं ते कुत्र्याच्या ताटापाशी. फोड असलेलं फोपसं-काळीज कुत्र्याला द्यायचं नाही. खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा, वाघ्या उकरणार नाही असे. एरवीचं आतड्या-काळजाचं मांस द्यायचंच असेल तर पाऊण तास खळखळून उकळून. वाघ्याला जंतांचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, ते विचारून घ्या. पिल्लांचं साधं औषध या जंताला लागू पडत नाही. तो मोकळा फिरत असेल आणि जत्रा-वाड्यांवर तोंड घालत असेल, तर दीड-दोन महिन्यांनी एकदा द्या. औषधानंतर दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवा आणि विष्ठा पुरून टाका.

हे जमण्यासारखं आहे. आइसलँडमध्ये एके काळी या रोगानं माणसं हैराण झाली होती. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश संशोधक तिथे गेला, त्यानं कुत्री तपासली, आणि पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी साध्या भाषेत एक पुस्तिका निघाली: फोड कुत्र्यांना घालू नका, जाळा किंवा पुरा. ती घरोघर पोचली, लोकांनी ती वाचली आणि पाळली. पुढे कुत्र्यांसाठी कायदाही झाला. तिथून तो रोग गेला. प्राझिक्वांटेल सापडायच्या कितीतरी आधी. तुमच्या जत्रा कमिटीत नवऱ्याची ओळख असेल तर कापण्याच्या जागेशेजारी एक खड्डा आधीच खणून ठेवायला सांगा. त्याला पैसे लागत नाहीत.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. पिल्लाच्या शेपटीखाली वाळलेल्या तांदळासारखे किंवा काकडीच्या बियांसारखे दाणे दिसले, तर तो पिसवांमधून येणारा पट्टकृमी आहे. मुलाला तो लागतो फक्त पिसू गिळली गेली तर. त्यावर प्राझिक्वांटेल चालतं, पण पिसवाही मारा. पिल्लांचे केस झडून खरूज दिसत असेल तर उचलणाऱ्याच्या हाता-पोटावर खाज येते, पिल्लू बरं झालं की तीही जाते. आणि मुलगा रात्री शौचाच्या जागी खाजवत असेल, तिथे पांढऱ्या सुतासारखे जंत दिसत असतील, तर त्याचा दोष वाघ्याला देऊ नका, मनीलाही नाही. ते सुतकृमी माणसांचेच, मुलांकडून मुलांकडे जातात. औषध घरातल्या सगळ्यांना एकदम लागतं, तुमचं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण पहिल्या तीन महिन्यांत जंतांची औषधं टाळतात.

शेवटचा तुमचा प्रश्न, बाळ आल्यावर मनी जवळ झोपली तर चालेल का. घरात झोपू दे, पण पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात किंवा अंथरुणात नको. ते जंतांमुळे नाही. मांजर उबेला बाळाच्या तोंडाशी येऊन बसतं, आणि तान्ह्या बाळाला मान वळवून बाजूला होता येत नाही. पाळण्याला मच्छरदाणी ताणून बांधा, आणि तुमच्या जुन्या साडीची घडी घालून मनीची जागा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आत्तापासूनच करून ठेवा. सहा महिने आहेत, तोवर तिला सवय होईल.